घाटगुरुजींची पुस्तकं

आमच्या गुरुजींचा पुस्तकाच्या मुखपृष्ठावर काडीचा विश्वास नव्हता. वर ठळक अक्षरांत 'तिसरे पुस्तक' छापलेलं असलं तरी ते मधलंच पान उघडत, दोन ओळी पुटपुटत आणि निकाल देत, "कसलं तिसरं? हा तर बांध आहे!" त्यांच्या लेखी पुस्तकांच्या जाती तीनच. बांध, टेकाड आणि घाट. बांध कुणीही ओलांडावा, टेकाडावर जरा धाप लागावी आणि घाटात कुणाचा तरी हात धरावा. त्यावरून मुळशी धरणाच्या काठच्या आमच्या गावाने त्यांचं नाव घाटगुरुजी ठेवलं. त्यांचं खरं आडनाव बहुधा पोस्टमनलाच ठाऊक असावं.

त्या काळी सगळ्या शाळांना एकच वाचनमाला नव्हती. आमच्या गावात एक, डोंगरापलीकडे दुसरी. शिवाय मुंबईला गिरणीत असलेले काके-मामे येताना तिसरीच घेऊन येत. सुटीच्या दिवशी गुरुजी ही सगळी पुस्तकं शाळेच्या ओसरीवर पसरून बसत आणि एका मालेचं दुसरं पुस्तक दुसऱ्या मालेच्या तिसऱ्याशी ताडून बघत. सोयरीक जुळवणारेसुद्धा इतकी चिकित्सा करत नसतील.

पण त्यांची खरी मदार हौसाक्कावर. ती शाळेशेजारी फुटाणे विकायची. अक्षरशत्रू, पण गोष्टींची भारी हावरी. पोराने तिला धडा वाचून दाखवायचा आणि तिने तो गुरुजींना सांगायचा. तिला सांगता आला तर पुस्तक पोराला पेललं, नाही तर खालचं घ्यायचं. आम्ही एकदा तिला करवंदं चारून फितवून पाहिलं. तिने करवंदं फस्त केली आणि गुरुजींना सांगितलं, "वाघ आला, राजाला भेटला, आन् दोगं बी जेवले." धडा आगगाडीचा होता.

मी मामाच्या गावी तिसरी उरकून, तोरा मिरवत या शाळेत आले. गुरुजींनी इथलं चौथं पुस्तक हातात दिलं आणि मला हौसाक्कापुढे बसवलं. मी एका दमात पान वाचून टाकलं. हौसाक्का म्हणाली, "पोरगी लई भरभर वाचती. पर कुनाचं काय झालं, काय बी कळंना." गुरुजी हसले. "तुझ्या मामाच्या गावचं तिसरं म्हणजे आमचं दुसरं, पोरी. तेही तू नुसतं पळवलंस, आता नीट वाच." आणि वाचनापुरतं मला दुसरीच्या मुलांत बसवलं.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. माझे वडील, आबा, चिखलाच्या पायांनी तसेच शाळेत आले. "तीन वर्सं घातली, आन् पोर मागं? मंग न्हाई शिकवायची. शेरडं राखंल." शेरडं मला आवडत, पण शाळा फार आवडे.

गुरुजी चिडले नाहीत. "नाव चौथीतच आहे, आबा. पुस्तक तेवढं बदललंय. दिवाळीपर्यंत रोज तिचा धडा तुम्ही ऐका. कंटाळा आला तर खुशाल शेरडं द्या हातात."

आबांनी पैज मारल्यासारखं कबूल केलं. सुरुवातीला ते दोर वळता वळता मख्खपणे ऐकत आणि मधेच उठून जात. मला रडू येई. हळूहळू समजलं, की नुसतं पळून भागत नाही. गोष्टीत कुणी पाण्यात पडलं तर तिथं आपणही थांबावं लागतं. दिवाळी तोंडावर आली तोवर मी शाळेच्या तिसऱ्या पुस्तकावर पोचले होते. एका संध्याकाळी धड्यातल्या खलाशाची नाव फुटली आणि नेमकी आईने मला पाण्याला हाक मारली. आबा तिच्यावर खेकसले, "थांब की जरा! त्यो बुडतुया तितं!"

मी शाळेत राहिले. पैज हरल्याचं सांगायला आबा काही गुरुजींकडे गेले नाहीत. तसा त्यांचा स्वभावच नव्हता.

माझी चौथी संपताना गुरुजींची बदली झाली. निघायच्या दिवशी हौसाक्काने त्यांना फुटाण्यांची पुडी दिली आणि पदराने डोळे पुसले. पुस्तकांची जड ट्रंक आबांनी, कुणाला हात लावू न देता, डोक्यावर घेतली. एस.टी.च्या फाट्यापर्यंत ते पुढे पुढे चालत राहिले. गाडीचा धुरळा दिसला तेव्हा ट्रंक डोक्यावर तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "गुरुजी, पोरीला म्होरं कुटं घालू?"

आमच्या गावातली एकही मुलगी तोवर चौथीपुढे गेली नव्हती. गुरुजींनी येणाऱ्या गाडीकडे पाठ केली. मग ते म्हणाले, "पौडच्या मोठ्या शाळेत. मी स्वतः येतो नाव घालायला. आणि ती ट्रंक खाली ठेवा हो आधी, मान मोडेल!"