बाकावरचा गोलकीपर

ओहायोतल्या डब्लिनहून निघालो तेव्हा बर्फ पडायचा थांबला होता आणि भाचजावई निखिलची कुरकुर सुरू झाली होती. "मावशी, मॅच सातला स्टार्ट होते. इतक्या लवकर पोचून काय करायचं?" गाडी असो की लग्न, तासभर आधी पोचायचं ही माझी खोड अमेरिकेतही सुटली नव्हती. भाची ऑफिसात अडकल्यामुळे तिचं आइस हॉकीचं तिकीट माझ्या पदरी पडलं होतं.

दोन तासांनी एक लहानसं गाव आलं. बाहेरचं खाणं स्टेडियममध्ये चालत नाही म्हणून धपाटे गाडीतच संपवले. निखिल कॉफी आणायला गेला आणि मी गोलामागच्या काचेशी जाऊन बसले. शेजारी एक म्हातारेबुवा होते, बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या.

समोर गादीएवढी पॅडं बांधलेला गोलकीपर उभा होता. पक (काळी रबरी चकती) त्याच्यावर सणसणत येत होता आणि तो गुडघ्यांवर पडून, हात फेकून अडवत होता. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. म्हातारेबुवा वळले. "माय सन," म्हणाले.

निखिल परतला तो हसतच. "मावशी, हा वॉर्म-अप आहे! मॅच अजून स्टार्टच नाही झाली."

मी ओशाळले. मॅच सुरू झाली तेव्हा गोलात दुसराच उभा होता. बुवांचा मुलगा टोपी घालून बाकाच्या टोकाला बसला होता आणि बर्फावर येणाऱ्याजाणाऱ्या खेळाडूंसाठी दार उघडत होता.

निखिलला या संघाची खडान्‌खडा माहिती. हा चेक मुलगा २००१ साली मोठ्या लीगच्या आशेने इथे आला. सात वर्षं गावोगावच्या लहान संघांत काढली, तीही बहुतेक बाकावर. आता गुडघे गेले, हा शेवटचा सीझन. म्हातारेबुवांनी मोडक्या इंग्रजीत भर घातली: ते दोन आठवडे इथे आहेत, मुलगा एकदाही उतरलेला नाही आणि उद्या त्यांचं परतीचं विमान आहे.

"पहिल्या गोलकीपरने खूप गोल खाल्ले तर कोच चेंज करतो," निखिल म्हणाला. झालं! यजमानांच्या गोलामागे बसून मी त्यांच्यावरच गोल व्हावेत म्हणून गणपतीला साकडं घातलं. म्हातारेबुवा मात्र त्या पहिल्या गोलकीपरने काही अडवलं की मनापासून टाळ्या वाजवत होते.

तिसरा गोल झाला. कोचने बाकाच्या टोकाकडे पाहिलं. मुलाने टोपी काढून मुखवटा चढवला. म्हातारेबुवांनी माझ्या स्वेटरची बाही घट्ट धरली. कोच काहीतरी बोलला आणि पाठ फिरवून उभा राहिला. मुलाने पुन्हा टोपी घातली. मला त्या कोचचा भयंकर राग आला.

मॅच संपल्यावर निखिल त्यांना म्हणाला, "सॉरी अंकल. यू डिडन्ट गेट टु सी हिम प्ले."

"नो, नो. ही प्ले." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शी सी." आणि माझ्यासारख्याच टाळ्या वाजवून दाखवल्या.

"यस," मी म्हणाले. "व्हेरी गुड प्ले."

सांगलीला परतल्यावर सगळे विचारतात, अमेरिकेत काय पाहिलंस? नायगाराचे फोटो दाखवून झाले की मी सांगते, एक चेक गोलकीपर खेळताना पाहिला. निखिल फोनवरून अजून चिडवतो, मावशी, तो वॉर्म-अप होता. असेल. पण मी त्याच्या वडिलांसमोर साक्ष दिली आहे. ती आता फिरवणार नाही.