वाटी सरकली नव्हती

मथुरा, वय अंदाजे त्रेसष्ट, राहणार मांडवी, रत्नागिरी, शिक्षण निरंक, काम न करणारी. २००१ च्या जनगणनेला आलेल्या गुरुजींनी ही नोंद केली, तेव्हा ओट्यावर तीन माणसं पोट धरून बसली होती.

मथुराक्का पोटातली सरकलेली वाटी बसवायची. माणसाला उपाशीपोटी उताणं निजवायचं आणि बोट टेकवून पोटातला ठोका शोधायचा. तो नेमका बेंबीखाली लागला तर ठीक, बाजूला लागला तर वाटी सरकली. मग पोटावर कणकेची पणती पेटवून वर तांब्याचा गडू पालथा घालायचा. ज्योत विझते, गडू कातडी ओढून धरतो. थोड्या वेळाने सुटतो आणि माणूस बरा होतो. निदान तसं सांगतो.

दोन वर्षांनी बाबल्या खलाशी आला. कंबर तीन महिने दुखत होती. डॉक्टरांनी फोटो काढून मणका झिजल्याचं सांगितलं होतं. वयच झालं, म्हणाले. ठोका डावीकडे लागला. मथुराक्काने दाबून पाहिलं, गडू लावला. पंधरा दिवसांनी पुन्हा दाबलं, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला बायको गुणवंतीने त्याला धरून आणलं.

गडू चिकटला आणि हलू लागला. बाबल्याने श्वास रोखला, तरी हलत राहिला. मथुराक्काची बांगडी गडूच्या कडेला लागून टिक टिक वाजत होती. घाई नसलेला कुणी पाहुणा आतून ठोठावत असावा, तशी.

"काय गो आक्के, भूत हाय काय आत?"

"भूत असतं तर नारळावर भागलं असतं. गप पड."

तिने गडू अलगद सोडवला, पंजा पसरून टेकवला. आजवर ठोका तिच्या बोटाखाली मावायचा. आज तो अख्खा पंजा उचलून खाली ठेवत होता.

"दाब की जरा," बाबल्या म्हणाला.

"आता हात लावायची नाय मी. गुणवंती, गाडी बोलव. ह्याला चालवू नको. इस्पितळात सांग, पोटात पंजाएवढा ठोका हाय."

"म्हणजे तुला येत नाय?" बाबल्याने विचारलं. "आणि लोकांनी विचारलं तर काय सांगशील?"

"हेच."

रत्नागिरीत सोनोग्राफी झाली आणि तिथून त्याला थेट मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गुणवंतीला चित्र काढून दाखवलं. हृदयातून निघून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी फुगली होती आणि मागच्या बाजूने फुटलीही होती. आज नाही, काही महिन्यांपूर्वी. बाहेर आलेलं रक्त मणका आणि पाठीच्या स्नायूंमध्ये अडलं, गोठलं आणि त्याचीच भिंत झाली. त्या भिंतीच्या भरवशावर बाबल्या गणपतीत नाचला होता. मणका वयाने झिजला नव्हता, ठोक्यांनी झिजवला होता.

"पोट कुणी दाबलं नाही ना?" डॉक्टरांनी विचारलं. गुणवंतीने चित्राच्या कागदाची घडी घातली.

पोट उघडून फुटक्या भागात कापडी नळी शिवली. सहा तास लागले. निरोप मांडवीला पोचला, तेव्हा मथुराक्का गडू चिंचेने घासत होती.

"दोनदा दाबलं मी," एवढंच ती म्हणाली. गडू घासत राहिली.

इस्पितळातून सुटताना मिळालेल्या कागदावर 'रुग्णास कोणी पाठविले' असा रकाना होता. त्यात रेघ होती. मांडवीला परतल्यावर बाबल्या चालत आला आणि मथुराक्काच्या ओट्यावर बसला.