मतदानाआधीच भाऊ

सुरेश रामटेके भेटेल त्याला भाऊ म्हणे. प्रशिक्षणार्थींच्या नव्या तुकडीला आणायला मी विमानतळावर गेलो होतो. तेव्हा पेशावरच्या आमच्या बसचालकाला त्याने पहिल्याच मिनिटाला सरळ मराठीत विचारले, "भाऊ, बॅग वर ठेवू का?" त्या माणसानेही काय समजायचे ते समजून मान डोलावली. वर्कशॉपमधले इंग्रज प्रशिक्षक, कँटीनमधला फिलिपिनो आचारी, फाटकावरचा बहारीनी पहारेकरी हे सगळे आठवडाभरात त्याचे भाऊ झाले. भंडारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावाकडे अनोळखी माणसालाही हीच हाक मारतात, हे मला पुढे कळले. त्या वेळी मात्र तो आमची काही वस्तू न विचारता वापरतो आहे असे मला वाटले, कारण आमच्यात भाऊ होण्यासाठी मतदान व्हावे लागे.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. बहारीनमध्ये, सनद गावाच्या बाजूला असलेल्या एका तांत्रिक प्रशिक्षण महाविद्यालयात भारतातून निवडलेले डिप्लोमाधारक दोन वर्षे शिकत आणि मग कारखान्यात रुजू होत. बहारीनी विद्यार्थी संध्याकाळी घरी जात. आम्ही परदेशी मुले आवारातल्याच वसतिगृहात राहत असू. दुसऱ्या मजल्यावर आम्हा अकरा मराठी मुलांचे एक मंडळ होते. त्याला आम्ही 'भाऊबंद' म्हणत असू आणि तशी पाटीही आप्पाने सुबक अक्षरांत रंगवून कॉमन रूमच्या दारावर लावली होती. आप्पा आमच्यातला सर्वांत जुना. मंडळाचे नियम त्यानेच केलेले होते. भाऊबंदांचा स्वयंपाक एकत्र, शुक्रवारची सहल एकत्र, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात मागच्या सगळ्या तुकड्यांच्या जर्नल्स आणि प्रश्नपत्रिका होत्या. एकच विषय दोनदा गेला की प्रशिक्षण बंद, व्हिसा रद्द आणि हातात परतीचे तिकीट, असा महाविद्यालयाचा नियम असल्यामुळे त्या ट्रंकेत काय आहे यावर एखाद्याचे आयुष्य ठरू शकत होते.

नव्या मुलाला कॉमन रूममध्ये खुर्चीवर उभे करून 'ओळख' घेतली जाई. पूर्ण नाव, गाव, एखादे गाणे. पुढचा आठवडाभर त्याने सीनियर्सचे सेफ्टी शूज पॉलिश करायचे. मग स्टीलचा एक झाकणाचा डबा फिरे. पसंत असेल त्याने पांढरा काबुली चणा टाकायचा, नसेल त्याने काळा हरभरा. एक जरी काळा निघाला तरी मुलगा बाहेर. कोणी टाकला हे विचारायचे नाही. माझी स्वतःची ओळख तीन मिनिटांत आटोपली होती. माझे आडनाव ऐकल्यावर मला कोणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यात काही विशेष आहे असे मला तेव्हा वाटलेही नव्हते.

रामटेके खुर्चीवर चढला तो इस्त्रीच्या शर्टात, हात मागे न बांधता.

"पूर्ण नाव?" आप्पाने विचारले.

"सुरेश तुकाराम रामटेके. तालुका साकोली, जिल्हा भंडारा."

"रामटेके म्हणजे नक्की कोण?"

"म्हणजे मी."

दोघेतिघे हसले. आप्पाही हसला. "तसं नाही रे. म्हणजे तुमच्यात..."

"आमच्यात काय, भाऊ? पूर्ण विचारा ना. अर्धा प्रश्न विचारून राहिले तुम्ही."

आप्पाने खाली पाहिले. तो प्रश्न पूर्ण उच्चारणे त्यालाही जमेना. तेव्हा रामटेकेच म्हणाला, "तुमच्यानं होत नसन तर मीच सांगतो. आम्ही बौद्ध आहोत. माझ्या आज्यानं नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा माझा बाप आजीच्या कडेवर होता. झालं? आता गाणं म्हणू का?"

गाणे कोणाला नको होते. आप्पाने घाईघाईने बुटांचा नियम सांगितला. रामटेकेने तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकला.

"माझे बूट मी रोज पॉलिश करतो, भाऊ. तुमचे तुम्ही करा. जमत नसन तर या, शिकवतो."

डबा फिरला. आप्पाने झाकण काढून दाणे ताटलीत ओतले. दहा पांढरे आणि एक काळा. "नियम म्हणजे नियम," आप्पा म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस."

रामटेके खुर्चीवरून उतरला, ताटलीपाशी आला, त्याने तो काळा हरभरा उचलून तोंडात टाकला आणि आमच्याकडे बघत सावकाश चावला. "कच्चा आहे, भाऊ," तो म्हणाला. "अजून भिजू द्यायला पाहिजे होता." मग दाराशी थांबून त्याने पाटीवर बोट ठेवले. "यातला 'भाऊ' पुसून टाका. 'बंद' तेवढं राहू द्या. तेच खरं आहे."

तो दाणा माझा होता.

पुढे बरीच वर्षे मी त्याची कारणे स्वतःला सांगत आलो. मी काही जातपात मानणारा नाही, मला त्याचा उद्धटपणा खटकला, मंडळात राहायचे तर थोडे नमते घ्यायला हवे, हे मी इतक्या वेळा मनाशी म्हटले की ते मला खरेच वाटू लागले. पण त्याच संध्याकाळी रामटेकेच्या आधी पुण्याचा मकरंद खुर्चीवर चढला होता. त्याने सिगारेट विझवली नव्हती. गाणे म्हणायला साफ नकार देऊन "आप्पा, तूच म्हण, सगळ्यांना उलटी होऊ दे," असे तो म्हणाला होता. आम्ही पोट धरून हसलो होतो आणि त्याला अकराच्या अकरा पांढरे दाणे मिळाले होते. त्यातला एक माझा होता. मकरंदच्या तोंडी मला जो बिनधास्तपणा वाटला, तोच रामटेकेच्या तोंडी उर्मटपणा कसा झाला? या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे.

ट्रंक नाही, एकत्र स्वयंपाक नाही, अशा स्थितीत रामटेके वर्षाच्या आतच घरी जाईल असा आमचा अंदाज होता. तो कोणाकडे तक्रार घेऊन गेला नाही. कँटीनच्या मागच्या दाराजवळचे एक लांब टेबल त्याने धरले आणि रोज चार ते सात तिथे पुस्तके मांडून बसू लागला. प्रथम एक मल्याळी मुलगा आला, मग दोन फिलिपिनो, मग बुदैया गावचा बहारीनी मुलगा जासिम. जासिमच्या वडिलांची खजुराची बाग होती आणि इंग्रजी तांत्रिक शब्दांची त्याला भयंकर भीती वाटे. रामटेके त्याला व्हॉल्व्हचे चित्र काढून समजावी आणि बदल्यात जासिम त्याला गणित शिकवी, कारण गणितात तो आम्हा सर्वांचा बाप होता. आमच्यातला एखादा जवळून गेला की रामटेके मुद्दाम आवाज चढवून म्हणे, "या भाऊ, बसा. इथं खुर्चीवर उभं राहावं नाही लागत." आमच्यातला कोणी बसत नसे. पहिल्या सत्रात ते टेबल सगळ्या विषयांत पास झाले.

मी नाही झालो. कंट्रोल सिस्टीम हा विषय माझा राहिला आणि पुढच्या सत्रात रामटेकेच्या तुकडीबरोबर त्याच वर्गात मला पुन्हा बसावे लागले. त्यातच विषयाचे शिक्षक बदलले. नव्या शिक्षकांनी पहिल्याच चाचणीत असे प्रश्न घातले की आमची ट्रंक एका दिवसात रद्दी झाली. चाचणीत मला शंभरात एकोणीस गुण मिळाले. आणखी एकदा गेलो की मी घरी. वडिलांनी माझ्या नोकरीच्या भरवशावर बहिणीचे लग्न ठरवले होते. मी आठवडाभर कँटीनच्या दाराशी घुटमळलो आणि एका दुपारी त्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो.

जासिमने वर पाहिले. "ये कौन?"

"अपना ही आदमी है," रामटेके म्हणाला. "यल्ला, चलो, सरको थोडा." मग माझ्याकडे वळून, "उभा काऊन राहिला, भाऊ? बसून जा. वही आणली का?"

मत नाही, ओळख नाही. तीन महिने मी त्या टेबलावर शिकलो. रामटेके शिकवताना कठोर होता. उत्तर चुकले की पेन काढून घेई. "घोकून नको सांगू. पाणी कुठून आलं आणि कुठं गेलं ते सांग," हे त्याचे नेहमीचे वाक्य. मी बावन्न गुणांनी सुटलो.

प्रशिक्षण संपताना जासिमने आम्हाला बुदैयाच्या बागेत जेवायला बोलावले. जेवणानंतर पाण्याच्या हौदावर आम्ही दोघेच बसलो होतो आणि तिथे मी रामटेकेला सांगितले, तो काळा दाणा मी टाकला होता. तो रागावेल, किंवा मोठ्या मनाने जाऊ दे म्हणेल, अशा दोन्ही शक्यता मी मनात घोळवल्या होत्या. खरे सांगायचे तर दुसरीची मला आशा होती.

त्याने पाय पाण्यातून बाहेर काढले. "हे मला काऊन सांगून राहिला?"

"तुझी माफी मागायची होती."

"माझं काय अडलं? मी पास झालो. तुलाही पास केलं. ज्या खोलीत टाकला त्या खोलीत जाऊन सांग. सगळ्यांसमोर. मग ये माझ्याकडं, मग पाहू."

"सगळ्यांसमोर कशाला, रामटेके? आपल्यातलं आहे हे."

"आपल्यातलं नाही, भाऊ. तुमच्यातलं आहे. मला अकरा जणांसमोर बाहेर काढलं आणि माफी एकट्याला हौदावर? हे नाही चालत."

मी त्या खोलीत गेलो नाही. निरोपाची सभा झाली, आम्ही गळ्यात गळे घातले, आणि मी तोंड उघडले नाही.

पुढे आम्ही दोघे एकाच कारखान्यात लागलो. त्याने शहरातल्या झिंज वस्तीत घर घेतले, लग्न केले, काही वर्षांनी तो नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा प्रमुख झाला. पहिल्या दिवशी तो त्यांना सांगे, "मला तुमचा रक्तगट पाहिजे आणि बुटाचा नंबर. बाकी काय सांगायचं ते तुमची मर्जी." त्याच्या विभागात कोणी नवख्याची टिंगल केली की तो दोघांना समोरासमोर बसवून टिंगल पुन्हा करायला लावी, पूर्ण वाक्यात. बहुतेकांना ते जमत नसे. झिंजच्या किराणा दुकानात आमची वरचेवर गाठ पडे. चौकशी झाली की तो सहज विचारी, "सांगितलं का, भाऊ?"

"अजून नाही."

"बरं. चल, चहा पिऊ."

चहा तो खरोखरच आपुलकीने पाजत असे. मुलांची विचारपूस करी, माझ्या आईच्या आजारपणात त्याच्या बायकोने पंधरा दिवस आमच्याकडे डबा दिला. पण प्रश्न त्याने एकदाही गाळला नाही. त्याच्या ओठांवर तेव्हा हसू असे, डोळ्यांत नसे. हा माणूस मला मोकळे का करत नाही, असे मला वाटे. त्याच्या हातात ते नव्हतेच, एवढी साधी गोष्ट समजायला मला पन्नाशी गाठावी लागली.

तीन वर्षांपूर्वी नागपुरात हृदयविकाराने तो गेला. अंत्यविधीला मी पोहोचू शकलो नाही. त्यानंतर काही महिन्यांनी भाऊबंदांचे स्नेहसंमेलन पुण्यात आप्पाच्या सोसायटीच्या सभागृहात भरले. नऊ जण आलो होतो. आप्पाने रामटेकेचा मोठा फोटो करून आणला होता आणि त्याला हार घातला होता. तो भरल्या आवाजात बोलला. आपल्या तुकड्यांतला सर्वांत मोठा झालेला माणूस, आपला सुरेश, मनाने तो कायम आपल्यातलाच होता, वगैरे. मग म्हणाला, "मी प्रस्ताव मांडतो की रामटेकेला भाऊबंदांतला भाऊ म्हणून नोंदवावं. तेव्हा काहीतरी गैरसमज झाला होता. हात वर करा."

आठ हात वर झाले. मकरंदचा सर्वांत आधी.

"विरुद्ध कोणी नाही ना?" आप्पाने विचारले.

मी हात वर केला, आणि उभा राहिलो. गैरसमज नव्हता, तो काळा हरभरा माझा होता, असे मी म्हणालो. का टाकला तेही सांगितले, अर्धे न ठेवता, जो शब्द आप्पाला त्या दिवशी उच्चारता आला नव्हता तो उच्चारून. मकरंदला मी पांढरा टाकला होता हेही सांगितले. रामटेके जिवंत असताना आपल्यापैकी एकानेही त्याला पुन्हा विचारले नाही. आता त्याला नाही म्हणता येत नाही म्हणून आपण विचारतो आहोत, असेही मी म्हणालो.

"अरे, आता तो गेला," आप्पा हळूच म्हणाला. "आता हे कशाला?"

"तुम्ही त्याला घेताय म्हणून," मी म्हणालो. "माझं मत विरुद्ध आहे. लिहून घ्या. नावासकट लिहा."

मकरंदने हात खाली घेतला. मग आणखी दोघांनी. एका विरोधाने प्रस्ताव पडतो हा नियम आप्पानेच केलेला होता आणि तो बदलावा असे त्या दिवशी कोणी सुचवले नाही. आप्पाने वही मिटली. सुरेश तुकाराम रामटेके भाऊबंदांत नाही.