टोचन न लावता द्राक्षांच्या मुलखात

माणूस घरात बसला की अंगावर चरबी साठते आणि गाडीत बसला की किस्से. चरबी निदान चालल्यावर उतरते. किस्से सांगावेत तसे फुगतात. आमची नाशिककडची सहल चार-पाच दिवसांचीच होती, पण गेली कित्येक वर्षं आम्ही तिच्यावर चहा पितोय आणि ती काय संपायला तयार नाय.

आधी माणसं सांगून टाकतो, म्हणजे कुणाला हसायचं याचा घोळ व्हायचा नाय. रशीदभाईंनी पडेगावात जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या. देशमुख सरांनी जन्मभर भूगोल शिकवला आणि त्यांना अजून स्वतःच्या गल्लीत शिरताना रस्ता विचारावा लागतो. किसनराव देवगाव रंगारीचा, अद्रकाचा शेतकरी, पोराच्या नोकरीपायी शहरात आलेला. आणि मी बापू, पंक्चरवाला. चौथीनंतर शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, यावर अजून वाद आहे.

सरांनी पेपरात वाचलं, की परदेशात लोक घरासारखी गाडी घेऊन द्राक्षमळ्यांतून हिंडतात, जागोजाग वाइन चाखतात आणि गाडीतच झोपतात. रशीदभाई म्हणाले, "उसमें क्या है? बनवू." रशीदभाई वाइनच्या वाऱ्यालासुद्धा उभे राहत नाहीत, पण 'बनवा' म्हटलं की त्यांना दम निघत नाय. भंगारातून त्यांनी एका नेत्रशिबिराची जुनी मिनीबस उचलली आणि वर्षभर तिच्यावर हातोडा चालवला.

त्यांचा पोरगा सलीम वैतागला. वर्कशॉपातल्या त्याच जागेवर त्याला चाकं अलाइन करायचं मशीन बसवायचं होतं. शेवटी बापलेकात अट ठरली. सलीम म्हणाला, "अब्बा, नाशिकला जाऊन या. गाडी स्वतःच्या चाकांवर दारात परत आली तर इथंच राहील, मी तोंड उघडणार नाय. टोचन लावून आणलीत, तर त्याच टोचनानं तशीच भंगारवाल्याकडं."

टोचन म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणणं. बॉडीवाल्याच्या घरात याच्याएवढी बेइज्जती दुसरी नाय. रशीदभाईंनी बोनेटवरून हात फिरवला, नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

*

निघायच्या दिवशी किसनरावची बायको, शकूअक्का, पिशवी घेऊन दारात हजर. तिला कुणी बोलावलं नव्हतं. किसनरावनं समजावून पाहिलं, की तिकडं बायकांचं काही काम नाय.

अक्का म्हणाली, "तिकडं दारू हाय अन् तुम्ही हायेत. माझं नाय तर कुणाचं काम?"

आणि पुढची सीट धरून बसली. सर पंधरा मिनिटं नकाशा उलटा धरून तिच्या मागं उभे होते. त्या सीटवर बसून ते आम्हाला रस्ता दाखवणार होते. त्या दिवशी अक्कामुळं आम्ही उलट्या दिशेला बीडला जायचे वाचलो.

*

रशीदभाईंनी गाडीत गॅस, मोरी, पंखे, आरसा, सगळं बसवलं. मागं फाळकासुद्धा लावला, माल उतरवायला! पण जन्मभर ट्रक बांधलेल्या हाताला मालाचं माप असतं, माणसाचं नसतं. बिछाने त्यांनी ज्वारीच्या पोत्याच्या मापानं बांधले.

मी आखूड. मला पोत्याच्या जागेत काही अडचण नव्हती. सर पडले ताडासारखे. पहिला मुक्काम वैजापूरच्या पुढं एका ढाब्यामागं टाकला, तेव्हा सरांनी पाय खिडकीबाहेर काढले आणि झोपले.

सकाळी सर उठले ते एकदम खुशीत. म्हणाले, "रशीदभाई, तळपायांना गारवा मिळायची काय सोय केलीय तुम्ही! मानलं."

रशीदभाईंना अशी सोय केल्याचं आठवेना. मी बाहेर जाऊन पाहिलं, तर ढाबेवाल्याची शेळी सरांचे पाय मन लावून चाटत होती. मी कुणाला काय बोललो नाय. पुढच्या मुक्कामाला फक्त सरांच्या पायांना हळूच मीठ लावलं. तिथं दोन शेळ्या होत्या.

सलीमचा रोज सकाळी फोन यायचा, टोचन लागलं का म्हणून. रशीदभाई सांगायचे, नाय लागलं. मग विचारायचे, तुझं मशीन आलं का. तो म्हणायचा, नाय आलं. दोघंही समाधानानं फोन ठेवायचे.

*

वाटेत नांदूर मध्यमेश्वरला थांबलो. तिथं धरणाच्या पाण्यावर देशोदेशीची पाखरं येतात. किनाऱ्यावर माणसं तोफेएवढे कॅमेरे लावून बसलेली. कुणी बोलत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. एक जण तर सकाळपासून एका लाल चोचीच्या पाखरानं मान वळवायची वाट बघत होता.

किसनराव आमच्या मागून आला. एवढी पाखरं एकदम समोर दिसली आणि त्याचा हात आपोआप वर गेला. जन्मभर शेतात राखण केलेली!

"हुर्रर्र... होऽऽऽ!"

सगळं आभाळ काळं झालं. पाण्यावर एक पाखरू राहिलं नाय. कॅमेरेवाले उभे राहिले, आणि त्यांची तोंडं बघून आम्ही गाडीकडं सरकायला लागलो. तिथला राखणदार धावत आला आणि किसनरावला म्हणाला, ही पाखरं आम्ही जपतो, हाकलत नाय.

किसनरावला लई वाईट वाटलं. त्याच्यासाठी. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, मग पिकात काय राहतं तुमच्या?"

*

वायनरीत गेलो तेव्हा तिथल्या पोरीनं आम्हाला फार मानानं बसवलं. गाडी मळ्याच्या कडेला लावायला जागा दिली. मग पेले मांडले आणि शिकवलं: आधी पेला फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा आणि या बादलीत थुंकायचा.

किसनरावनं सगळं नीट ऐकलं. शेवटचं ऐकून तो अक्काकडं बघायला लागला. अक्का पहिल्यांदाच वाइनच्या बाजूनं झाली. म्हणाली, चांगली रीत हाय, घरी पण अशीच चालू करू.

रशीदभाईंपुढं द्राक्षाचा साधा रस. शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी होती. मी त्यांच्या कानात सांगितलं, हे हैदराबादचे लई मोठे पारखी आहेत, पण ओळख देत नाहीत. मग काय! रशीदभाईंनी रस हुंगला की ते वाइन हुंगायचे. रशीदभाईंनी पेला उजेडात धरला की सगळ्यांचे पेले वर. शेवटी रशीदभाईंना शिंक आली. पुण्याची मंडळी एकमेकांकडं बघून हळूच म्हणाली, "यात मिरी आहे."

तोवर इकडं बादली भरली होती. आता अक्काच्या घरात खरकटवणी कधी मोरीत जात नाय, ती जनावराच्या तोंडी जाते. तिनं बादली उचलली आणि बाहेर गेली. बाहेर पर्यटकांच्या फोटोसाठी एक बैल झूल घालून, शिंगांना गोंडे बांधून उभा होता. अक्कानं त्याला शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं.

थोड्या वेळानं आरडाओरड ऐकू आली. बैल बसला होता. उठवला तर उठंना, आणि फोटोला आलेल्या बाईच्या मांडीवर मान टाकून डोळे मिटत होता. मॅनेजर आला, डॉक्टरला फोन झाला, बादली कुणी पाजली याची चौकशी झाली.

अक्का पुढं झाली. म्हणाली, "मी पाजली. अन् खरं सांगू? एवढ्या लोकांत त्या एकट्यानंच तुमच्या मालाचा मान ठेवला. एक थेंब थुकला नाय."

मॅनेजरनं तिला एक बाटली भेट दिली. लवकर जाण्याबद्दल.

*

परतीचा मुक्काम येवल्याअलीकडच्या एका गावात, पाराजवळ टाकला. आदल्या दिवशी रशीदभाईंनी हौसेनं गाडी धुतली होती. त्यांनी मारलेला रंग धुण्याजोगा होता, खालचा जुना रंग मात्र पक्का. सकाळी दार उघडतो तर बाहेर म्हाताऱ्यांची रांग. गाडीवर हे एवढाल्या अक्षरांत आलेलं: मोफत नेत्र तपासणी.

सरांनी परोपरीनं सांगितलं, की आम्ही डॉक्टर नाही, सहलीला आलोय. रांगेतला एक आजोबा मागच्याला म्हणाला, "मोफतवाले आधी असंच म्हणतात. हलू नको."

रांग हलंना. सरांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली होती, आणि एवढे लोक त्यांच्यापुढं गुपचूप उभे राहिलेले त्यांनी शाळेतही पाहिले नव्हते. ते विरघळले. म्हणाले, निदान कुणाला खरंच डॉक्टरकडं पाठवायला हवं ते तरी पाहू. वाचायला दाखवायला दुसरं काही सापडंना, म्हणून वायनरीची बाटली घेतली, लांब पारावर, आम्ही बसलो होतो तिथं ठेवली आणि तिच्यावरची अक्षरं वाचायला सांगायला लागले.

एक आजी पुढं आली. सरांनी विचारलं, "आजी, दिसतंय का काय लिहिलंय?"

आजी म्हणाली, "लिहिलेलं मला कळत नाय. पण बाटली अर्धी हाय, अन् मघाशी भरलेली व्हती."

सरांनी वळून आमच्याकडं पाहिलं. अक्कानं किसनरावकडं पाहिलं. किसनराव पाखरं बघत होता.

*

आता शेवटचा दिवस. शरणापूर फाटा ओलांडला आणि रशीदभाई गुणगुणायला लागले. घर हाकेवर आलं होतं. आणि मिटमिट्याजवळ क्लचप्लेट गेली. इंजिन घरघर करतंय, गाडी जागची हलंना. रशीदभाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, वाकून पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

येणारेजाणारे ट्रकवाले त्यांच्या ओळखीचे. दोघा-तिघांनी थांबून विचारलं, चाचा, टोचन लावू का? रशीदभाई मान हलवून नाय म्हणायचे. आम्ही ढकलून बघितलं. चार म्हातारे आणि एक अक्का. गाडीनं आमच्याकडं लक्षसुद्धा दिलं नाय.

रशीदभाई मला म्हणाले, "बापू, जाने दे. मशीन येऊ दे त्याचं."

तेवढ्यात मागून वरात आली. पुढं बँड, मध्ये घोड्यावर नवरदेव, मागं नाचणारी पन्नास-साठ तगडी पोरं. कार्यालय पडेगावच्या पलीकडं, म्हणजे रशीदभाईंच्या दारावरूनच रस्ता.

मी किसनरावच्या डोक्यावरचा फेटा काढला, सरांच्या डोक्यावर ठेवला, त्यांना खिडकीत बसवलं आणि सांगितलं, तोंड उघडायचं नाय. मग वरातीतल्या मोठ्या माणसाला गाठून हात जोडले. म्हटलं, "पाहुणं, नवरीचे मामा आत हायेत. गाडी बंद पडली. आता मामाशिवाय नवरी मांडवात आणणार कोण?"

नवरदेवाकडच्या लोकांनी नवरीचा मामा कशाला बघितलेला असतोय! एकदम धावपळ झाली. पोरांनी बाह्या वर केल्या. कुणीतरी सरांना पाणी दिलं, कुणी वारा घालायला लागलं. एकानं विचारलं, मामा बोलत का नाहीत? अक्का म्हणाली, "रुसल्यात. घोडा त्यांना पायजे व्हता."

रशीदभाई स्टेअरिंगवर बसले. पुढं बँड, मध्ये गाडी, मागं साठ माणसं आणि सगळ्यात मागं घोडा. अशी आमची गाडी पडेगावात शिरली आणि डौलात वळून वर्कशॉपच्या दारात उभी राहिली.

सलीम बाहेर आला. आधी गाडीच्या पुढं जाऊन दोर शोधला. दोर नव्हता. साखळी नव्हती. मग बोनेटला कान लावला. बँड तर ऐन रंगात आलेला!

तो ओरडून म्हणाला, "अब्बा, इंजिन चालू आहे का?"

रशीदभाई खिडकीतून म्हणाले, "बँड थांबू दे बेटा, मग ऐकू येईल."

बँड थांबायचा तर मामा उतरायला पाहिजेत. आणि सरांच्या जन्मात असा मान कुणी केला नव्हता. वरातीतली मंडळी मामांना कार्यालयात न्यायला गाडीच्या दाराशी हात जोडून उभी, आणि सर खिडकीत फेटा सावरून, मान वळवून बसलेले. उतरायचं नाव नाय. पोरं नाचून घामाघूम झाली. घोडा वर्कशॉपात शिरला.

सलीम कानांवर हात ठेवून म्हणाला, "अब्बा, गाडी राहू द्या इथं. जन्मभर राहू द्या. पण हे लग्न तेवढं इथून हलवा."