शेपटीच्या खाचेपर्यंत

मंडळी, आज सकाळी धक्क्यावर माझ्या गळाला आयुष्यातला पहिला मासा, एक स्नॅपर, लागला, तोही ह्यांच्या रॉडवर. हे गेल्यापासून दोन वर्षं रॉड गॅरेजमध्येच होता.

दिरांनी मोजला. "वहिनी, अठ्ठावीस सेंटिमीटर. कमीत कमी सत्तावीसची अट आहे. टाका बादलीत."

"भाऊजी, शेपटीच्या टोकापर्यंत नाही, मधल्या खाचेपर्यंत मोजायचं." इथल्या सरकारचं नियमांचं इंग्रजी पत्रक मी डिक्शनरी घेऊन दोनदा वाचलं होतं.

"वीस वर्षं मासे धरतोय मी. मासे काय पुस्तकात बघून धरतात?"

खाचेपर्यंत पंचवीसच भरला. तो तळून ह्यांच्या फोटोपुढे ठेवायचं मनात होतं, त्यामुळे जीवावर आलं. तरी त्याच्या अंगाला इजा नको म्हणून हात ओले करून त्याला पाण्यात सोडलं.

दहा मिनिटांत मासेमारी खात्याची बाई तपासायला आली. भाऊजींच्या बादलीतले दोन्ही मासे तिने खाचेपर्यंत मोजले. दोन्ही लहान निघाले. ताकीद मिळाली, मासे जप्त झाले. मला ती हसून म्हणाली, "यू नो युअर रूल्स."

परत येताना गाडीत भाऊजींनी मोजपट्टी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी मोजायचं काम तुमचं."

मी रिकाम्या हाताने घरी आले, पण इतकी खूश मी दोन वर्षांत झाले नव्हते. खरं सांगा, पहिलाच मासा असता तर तुम्ही सोडला असता?