उग्र वासाचं तेल

सखारामचं नाक हे त्याचं सर्टिफिकेट. डिचोलीच्या खाणीवर मातीचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याने अकरा वर्षं काढली आणि तिथे तो एक गोष्ट पक्की शिकला. गियरचं तेल दोन बोटांत चोळायचं, नाकाशी न्यायचं. गंधकाचा वास डोक्यात गेला तर तेल दणकट, वास नसला तर भेसळीचं. खाणीवरची सगळी माणसं असंच करत, आणि ट्रकही बिचारे चालत. गोवा राज्य झालं त्या वर्षी त्याने पेडण्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. बाहेर लोक कोकणी की मराठी यावर घसा बसेपर्यंत भांडत होते. हा पठ्ठ्या गाडीखाली आडवा पडून तेल हुंगत असायचा.

गॅरेजमध्ये पहिली गाडी आली ती त्याच्या मेहुण्याची, शिवदासची. जुनी फियाट, टॅक्सीला लावलेली. शिवदासची बायको, म्हणजे सखारामची धाकटी बहीण पद्मावती, त्याच गाडीतून बाजारहाट करायची. दुकानात तेलाचे दोन डबे होते, एक बिनवासाचा आणि एक उग्र. सखारामने क्षणभरही विचार केला नाही.

“भावोजी, ह्या खाणीवरचा त्याल. वास बघा! माझ्या भयणीची गाडी, तिका हलक्यातला घालीन काय?”

शिवदासने हुंगलं, नाक मुरडलं आणि खूश होऊन गेला.

वर्षभरात दुसरा गियर कुरकुरायला लागला. सखारामने थोडं तेल हातावर काढलं आणि उन्हात धरलं. तळहातावर सोन्यासारखी भुकटी चमकत होती. ट्रकच्या तेलात त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. तो तसाच म्हापशाला गेला. तिथला म्हातारा तेलवाला भुकटी पाहून म्हणाला, “हें पाटल्या एक्सलाचें तेल, बाबा. ह्या गाड्यांच्या गियराच्या पेटयेंत पितळेचीं कडीं आसतात. तीं हें तेल खाता.”

म्हणजे मागच्या आसाचं तेल त्याने गियरच्या पेटीत ओतलं होतं आणि ते पितळ खात होतं; खाणीवरच्या ट्रकांत अशी कडीच नसत. त्या कड्यांमुळेच चालत्या गाडीत गियर अलगद बसतो. ती झिजली की उतारावर गियर बसेलच याची खात्री नाही.

खरं म्हणजे त्याच दिवशी सांगून टाकायचं. पेटी उतरवायची, कडी बदलायची. पण गॅरेजची पाटी अजून नवी होती, आणि गावात एकदा नाव गेलं की गेलं. त्याने गुपचूप बिनवासाचं तेल भरलं आणि “आता बघा, लोणी!” म्हणून गाडी परत दिली. गेलेलं पितळ काही तेलाने परत येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून फियाटचा हॉर्न ऐकला की त्याच्या हातातला पाना थांबायचा, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तो श्वास धरून राहायचा.

पंधरवड्याने पद्मावतीच्या नणंदेकडे, तेरेखोलला, बारसं निघालं. केरीची फेरीबोट आणि तिच्याकडे जाणारा उतार सखारामच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. “मीय येतंय,” म्हणत तो मागच्या सीटवर जाऊन बसला. पद्मावती पुढे, नवऱ्याशेजारी. दादा आला म्हणून ती किती हरखली होती!

पालयेच्या पुढे त्याला तो वास आला. पायाशी एक डबा लवंडला होता. अर्धा रिकामा.

“ह्या काय, भावोजी?”

“अरे, गेल्या खेपेक तुका कोणीतरी फसवल्यान,” शिवदास ऐटीत म्हणाला. “त्या तेलाक वासच नाय! मी म्हापशात काढून टाकूक लावलंय आणि तुझा खाणीवरचा भरून घेतलंय. तूच शिकवलंस मा!”

सांग, आत्ता सांग, असं सखाराम मनात घोकत राहिला. शब्द जिभेवर यायचे आणि पद्मावती मागे वळून हसली की गिळले जायचे. तेवढ्यात नदी दिसली.

ओहोटी होती. शेवाळलेला धक्का लांबपर्यंत उघडा पडला होता. धक्क्याच्या उतारावर शिवदासने दुसरा गियर टाकायला दांडा ओढला. कर्र! पुन्हा ओढला. कर्र! गाडी मोकळी सुटली. ब्रेक लागला तरी चाकं शेवाळावरून घसरतच राहिली. पद्मावती किंचाळली. फेरीवरच्या खलाशाने धावत येऊन चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि गाडी थांबली, तेव्हा पुढची चाकं पाण्यात होती.

शिवदासने अजून स्टिअरिंग सोडलं नव्हतं. “माझीच चूक,” तो पुटपुटला. “माकाच गियर घालूक जमलो नाय.”

आता मात्र सखारामला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. वास, भुकटी, म्हापसा, गुपचूप बदललेलं तेल.

पद्मावती खाली उतरली. लुगडं घोट्यापर्यंत भिजलं. बाळंतविड्याची पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती.

“दादा, तुका ठावक होता म्हणान तू इलंस?”

त्याने मान डोलावली.

“माझ्या वांगडा मरूक इलंस,” ती म्हणाली, “पण तोंड उघडूक नाय.”

आणि ती एकटीच फेरीकडे चालायला लागली.