मधुमेहाच्या व्याख्यानाला धाडलेला माणूस

आमच्या बँडचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते दर दोन महिन्यांनी बदलायचं, आणि सांगितलं तरी तुम्ही ते ऐकलेलं नसणार. तुम्ही ते ऐकलेलं नसावं यासाठी आम्ही जिवाचं रान केलं होतं.

'आमचा' म्हणते खरी, पण गिटारची तार आणि कपडे वाळत घालायची तार यांतला फरक मला आजही फक्त डोळ्यांनी कळतो. मी नुसती चाहती. आम्ही तिघीजणी होतो, एकाच कॉलेजच्या, आणि तिघींच्या आवाजात तीनशे माणसांचा दम होता. बँड वाजवायचा अल्टरनेटिव्ह रॉक. म्हणजे नेमकं काय ते वाजवणाऱ्या चौघांनाही ठाऊक नव्हतं. जे रेडिओवर लागत नाही आणि ज्यावर लग्नात नाचता येत नाही ते, एवढी व्याख्या आम्हाला पुरेशी होती. ज्या परदेशी बँडांवर आमचा जीव होता, त्यांचेही त्यांच्या गावात चाळीसच चाहते असावेत. त्यांच्या कॅसेटची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, अशी सातव्या पिढीची कॅसेट आमच्याकडे यायची. तीत गाणं कमी आणि खरखर जास्त. पुढे मूळ गाणी स्वच्छ ऐकायला मिळाली तेव्हा मला ती बेचव वाटली. खरखर नसेल तर काय मजा?

सराव धायरीत. तेव्हा धायरीला पुणं म्हणायची पद्धत नव्हती. गिटार वाजवून गाणाऱ्या आमच्या मित्राच्या वडिलांची तिथे पिठाची गिरणी होती. गिरणी बंद असायची गुरुवारी, कारण गुरुवारी वीजच नसायची. म्हणजे जागा मोकळी असेल त्या दिवशी गिटार मुकी. मग सराव इतर दिवशी, गिरणी चालू असताना, मागच्या पोत्यांच्या खोलीत. गिरणीचा पट्टा फटफट करायचा आणि ड्रमवाला त्यावरच ताल धरायचा. कुणी ज्वारी जाडसर दळायला आणली की गाणं संथ व्हायचं. दिवाळीआधी भाजणीचे डबे रांगेला लागले की बँड असा काही सुटायचा, की पोत्यांमागचे उंदीर कुटुंबासह शेजारच्या नऱ्ह्याला राहायला गेले.

ड्रमवर पिठाचा थर कायम. कॉलेजच्या एका कार्यक्रमात पहिल्याच ठोक्याला पांढरा ढग उठला. लोकांना वाटलं, धुराचं मशीन आणलंय. टाळ्या! पहिल्या रांगेतल्या सरांच्या मिशा ज्वारीच्या पिठानं इतक्या पांढऱ्या झाल्या, की घरी बायकोनं त्यांना दारातच "ते कॉलेजात गेलेत" म्हणून सांगितलं. हे मी वीस वर्षं सांगत आलेय. आता ते खरं असायला हरकत नाही.

शहरात असे आणखी पाच-सहा बँड होते, आणि त्यांचे श्रोते म्हणजे एकमेकांचे मेंबर. लोणी काळभोरचा एक होता, त्यांचा बेसवाला ऊसवाल्याच्या घरातला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ड्रम, त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर हा, काळा चष्मा लावून. त्याला विचारलं, "तुमचं गाणं एवढं दुःखी का रे?" तर म्हणाला, "दुःखीच हाय की. रोज शे-दीडशे पोरं ऐकाया आली असती तर आनंदी लिवलं असतं." इतकं चांगलं वाजवणारा माणूस मी नंतर ऐकला नाही. आता तो रोपवाटिका चालवतो.

'शे-दीडशे पोरं ऐकाया आली असती तर' हे त्याचं म्हणणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पोरं यावीत असं आम्हाला वाटतच नव्हतं. आपला बँड आपल्यालाच कळतो, यातच तर सगळी ऐट. उद्या तो सगळ्यांना आवडायला लागला तर आम्ही कोण? म्हणून आम्ही तिघींनी एक पद्धत काढली. कार्यक्रम फुकट असायचे, पण दारात आमचं टेबल. आत जाण्याआधी तीन प्रश्न. आवडता बँड कोणता? त्यांची कोणती कॅसेट? आणि तिसरा प्रश्न खरा मारेकरी: त्यांचं कोणतं गाणं तुम्हाला आवडत नाही? खरा चाहता तिसऱ्या प्रश्नावर अर्धा तास बोलतो. नकली म्हणतो, "सगळीच आवडतात." अशा माणसाला आम्ही अत्यंत नम्रपणे भलतीकडे पाठवायचो. बँडला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ते आत वायरी जोडत असायचे.

एका रविवारी शहरातल्या एका संस्थेच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, दुपारी चार वाजता. वरच्या हॉलमध्ये मधुमेहावर व्याख्यान. चौकड्यांचा शर्ट घातलेला, घामाघूम झालेला एक माणूस टेबलाशी आला.

"इथेच आहे ना तो बँड?"

"आपला आवडता बँड कोणता?" मी.

त्यानं जे नाव घेतलं ते तेव्हा दर केशकर्तनालयात वाजत होतं. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं डोळे मिटून घेतले.

"त्यांचं न आवडणारं गाणं?"

"छे, सगळीच आवडतात."

"पहिला मजला. चपला बाहेर काढा आणि पुढे बसा, मागे ऐकू येत नाही."

माणूस बिचारा गेला. बँड दीड तास वाजला. आत सव्वीस माणसं होती आणि त्यातली अकरा लोणीची. कार्यक्रम संपून आम्ही टेबल आवरत होतो तेव्हा तो खाली आला. हातात आहाराचा तक्ता.

"अहो, तुमचा बँड हुकला. व्याख्यान मात्र उत्तम होतं," असं म्हणून त्यानं खिशातून कार्ड काढलं, मागे काहीतरी लिहिलं आणि मला दिलं. "जिन्याच्या खिडकीतून शेवटचं गाणं ऐकलं. त्यांना द्याल?"

कार्ड मुंबईच्या एका गाण्यांच्या कंपनीचं होतं. मागे लिहिलं होतं, 'शेवटचं गाणं पुन्हा ऐकायचं आहे. केव्हा वाजवणार ते कळवा.'

मी ते पाकिटात ठेवलं. उद्या देऊ म्हटलं. उद्याचा परवा झाला. कार्ड दिलं तर मी त्याला वर पाठवलं हेही सांगावं लागणार होतं. आणि खरं सांगायचं तर ते कारण नंतरचं. पहिलं कारण हे, की ते गाणं मला कुणाला द्यायचंच नव्हतं. सहा महिन्यांत ड्रमवाला नोकरीला बंगळुरात गेला, आमच्या बेसवाल्याचं लग्न ठरलं आणि बँड संपला. आमचा गिटारवाला मित्र खराडीत संगणकासमोर बसला तो आजतागायत बसलाय.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. "गिटार आणि ॲम्प देऊन टाकतोय. ऑफिसातल्या एकाची मुलगी शिकतेय. पाच वाजता न्यायला येणार आहे तो. तुला शेवटचं बघायचं असेल तर ये."

गिरणीच्या जागी आता सात मजली इमारत आहे. तिच्यात तिसऱ्या मजल्यावर त्याला फ्लॅट मिळालाय. मी पोचले तेव्हा गिटार सोफ्यावर, पाहुण्यासारखी. त्यानं चहा टाकला. मी नेहमीप्रमाणे उंदरांची गोष्ट काढली, सरांच्या मिशांची काढली. तो हसला, पण अर्धवट.

"तू सांगतेस ते ऐकायला बरं वाटतं गं," तो म्हणाला. "पण आपण सुमार होतो. कबूल करून टाकू. चार वर्षं वाजवलं आणि कुणी कुत्रंसुद्धा ऐकायला आलं नाही. चांगले असतो तर एक तरी माणूस आला असता की नाही बाहेरून?"

घड्याळात सव्वाचार झाले होते. मी चहाचा कप खाली ठेवला.

"एक आला होता."

"कोण?"

"मुंबईहून आला होता. गाण्यांच्या कंपनीचा. मी त्याला वर मधुमेहाच्या व्याख्यानाला पाठवला."

तो खो खो हसायला लागला. "ए बाई, थापा मार, पण जरा बेतानं मार. मधुमेह काय!"

आयुष्यभर तिखटमीठ लावून सांगत आले त्याची शिक्षा अशी मिळते. मी तीन घरं बदललीत, पण ते कार्ड प्रत्येक नव्या पाकिटात गेलंय. ते काढून मी त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पुढची बाजू वाचली, मागची वाचली. पुन्हा पुढची वाचली. हसणं कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

"तीन प्रश्न विचारायचो आम्ही दारात," मी म्हणाले. "तिघी मिळून. तुम्हाला सांगितलं नव्हतं. नापास झाला की बाहेर."

"किती जणांना?"

इथे आकडा फुगवायची किंवा कमी करायची, दोन्हींची मला सवय आहे. "मोजले नाहीत," मी म्हणाले. "पुष्कळ."

"त्यानं कुठला बँड सांगितला होता?"

मी नाव सांगितलं. त्यानं तोंड वाकडं केलं. "शी," तो म्हणाला. क्षणभर वाटलं, सुटले मी. पण तो उठून खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"माझे बाबा दर कार्यक्रमाला विचारायचे, किती आले होते रे? मी सांगायचो, वीस. एकदा म्हणाले, वीसच येतात तर गिरणी बघ आता. मी बघितली नाही गिरणी. पण गाणंही नाही बघितलं."

मी माफी मागितली. ती मागायची मला सवय नाही, त्यामुळे वाक्य तीनदा तुटलं. त्यानं ते लक्षात घेतलं नाही, किंवा घेतलं असेल.

"शेवटचं गाणं म्हणजे कुठलं?" तो म्हणाला. "त्या दिवशी शेवटी गिरणीच्या पट्ट्याचं वाजवलं होतं का?"

"पट्ट्याचंच. तू मधे शब्द विसरलास आणि नुसतंच फटफट म्हणत राहिलास."

"ते विसरलो नव्हतो. ते तसंच होतं."

"हो का? मला वीस वर्षं वाटतंय विसरलास."

"जिन्याच्या खिडकीतून त्याला ते कळलं आणि तुला टेबलापाशी बसून नाही."

त्यानं फोन उचलला.

"अहो, ऐका ना. आज नका येऊ. नाही, गिटार देत नाहीये. मुलीला म्हणावं, दुकानात मी बरोबर येतो, चांगली निवडून देतो. ही नाही." फोन ठेवून त्यानं गिटार मांडीवर घेतली. खुंट्या पिळायला सुरुवात केली. एक तार तुटली. त्यानं ती तशीच लोंबू दिली आणि उरलेल्या पाचांवर अंगठा फिरवला. भयंकर बेसूर. माझ्या अंगावर काटा आला.

मी सोफ्यावर सरसावून बसले.

"तू नाही," तो म्हणाला. वर बघितलंसुद्धा नाही. "तू आता जा. रागावलोय मी. किती दिवस रागावेन ते माहीत नाही."

"बरं."

"आणि दार ओढून घे. आवाज बाहेर जाईल."

मी दार ओढून घेतलं, आणि तिथेच पायरीवर बसले.